हजेरीपटावरची टॉफी

“बाई, शाळेत कुत्रा आला!” हे वाक्य मी माझ्या छत्तीस वर्षांच्या नोकरीत शंभरदा तरी ऐकले असेल. ते कानावर पडले की पुढचा सारा कार्यक्रम ठरलेला. निम्मी मुले बाकांवर चढत, निम्मी खिडकीशी धावत, शिपाई काठी घेऊन व्हरांड्यातून पळे आणि कुत्रा बिचारा वाट फुटेल तिकडे. पाढ्यांचा तास तिथेच संपे. म्हणून गेल्या वर्षी ऑगस्टमध्ये लेकीने फोनवर, “आई, चिऊच्या शाळेत कुत्रा येणार आहे,” असे सांगितले, तेव्हा माझ्या तोंडून निघून गेले, “मग शिपाई काय करतोय?”

लेक हसत सुटली. “अगं, घुसणार नाहीये तो. त्याची नेमणूक झालीय!”

माझी ही लेक आणि जावई इंग्लंडात रेडिंग या गावी असतात. लंडनच्या पश्चिमेला, रेल्वेने तासाच्या आत. सप्टेंबरात मी त्यांच्याकडे गेले ती डिसेंबर संपेपर्यंत राहिले. आल्यावर मैत्रिणींनी विचारले, “काय काय पाहिलंस?” राजवाडा पाहिला, थेम्स पाहिली, हे सगळे सांगून झाले, पण खरे सांगायचे तर त्या चार महिन्यांत मी सगळ्यात जास्त वेळ एका कुत्र्याकडे पाहण्यात घालवला. आणि तेही मी, जी आमच्या गल्लीत कुत्रा दिसला की पलीकडच्या गल्लीने भाजीला जाते.

आधी चिऊची हकिगत सांगते. चिऊ माझी नात. तिचे खरे नाव चांगले चार अक्षरी आहे, पण ते फक्त शाळेच्या कागदांवर. पाच वर्षांची असताना ती पुण्याहून तिकडे गेली, आता सात पुरी झाली. घरात ही पोर सकाळी डोळे उघडल्यापासून जी बोलायला लागते ती रात्री झोपेपर्यंत. आणि हीच चिऊ शाळेच्या फाटकातून आत गेली की अवाक्षर काढीत नसे. दोन वर्षे! इंग्रजी येत नाही म्हणावे तर घरी दूरदर्शन संचापुढे बसून ती साहेबालाही लाजवील असे इंग्रजी बोले. बाईंनी हजेरी घेतली की हात वर करी. तहान लागली की बाटलीकडे बोट दाखवी. एकदा खेळताना गुडघा फुटला, तर रडली, तीसुद्धा आवाज न करता.

माझ्या वर्गात अशी मुलगी असती तर मी काय म्हटले असते ते मला पक्के ठाऊक आहे. “घुमी आहे,” म्हटले असते. “हट्टी आहे, दोन दिवस उभी करा म्हणजे बोलेल.” लेकीने मला समजावून सांगितले की, याला वैद्यकात ‘सिलेक्टिव्ह म्युटिझम’ म्हणतात आणि तो हट्ट नव्हे, भीती आहे. उंच कड्यावर उभे राहिले की पाय जसे हलत नाहीत तशी काही मुलांची जीभ काही ठिकाणी हलत नाही. पूर्वी डॉक्टरसुद्धा याला मुलाने आपणहून धरलेले मौन समजत. तसे सुचवणारे जुने नाव अमेरिकन मानसोपचारतज्ज्ञांनी आपल्या ग्रंथातून १९९४ मध्ये बदलले. म्हणजे माझी निम्मी नोकरी होईपर्यंत मोठमोठे लोकही माझ्याच मताचे होते, एवढेच काय ते समाधान.

तर त्या शाळेत कुत्रा येणार होता. रेडिंगला गेल्यावर दुसऱ्याच दिवशी मी शाळेचे पत्र वाचायला घेतले. दोन पाने पत्र, शिवाय भरून द्यायचा कागद. तुमच्या मुलाला कुत्र्याच्या केसांनी शिंका किंवा दमा होतो का? मुलाला कुत्र्याची भीती वाटते का? पूर्वी कधी कुत्रा चावला आहे का? घरच्या श्रद्धेप्रमाणे कुत्र्याचा स्पर्श चालत नाही असे आहे का? मूल कुत्र्याजवळ गेलेले तुम्हाला चालेल, की त्याच खोलीत असलेले चालेल, की मुळीच नको? प्रत्येक प्रश्नापुढे चौकट. आमच्याकडे सहल पन्हाळ्याला न्यायची तरी इतकी विचारपूस होत नसे.

मग पालकांची सभा झाली. लेकीबरोबर मीही जाऊन बसले. कुत्रा अजून आलेला नव्हता, हे मला आवडले. आधी माणसांशी बोलणे, मग कुत्रा. मुख्याध्यापिका साधारण पन्नाशीच्या, कानाशी पेन्सिल खोवलेली; कुठल्याही देशातली शाळामास्तरीण ओळखू येतेच. त्यांनी सांगितले की, कुत्रा शाळेचा नसून दुसरीच्या वर्गाच्या बाईंचा आहे, त्यांच्याच घरी राहील, त्यांच्याच गाडीतून येईल-जाईल. शाळेत लोक बदलतात, सुट्ट्या लागतात. जनावराला मात्र एक घर आणि एक माणूस लागते. त्याच्या लशी, जंताचे औषध, विमा, सगळ्याचे कागद फाइलला होते. काय काय बिघडू शकेल आणि त्यावर काय उपाय, याचे टिपण करून शाळेच्या व्यवस्थापक मंडळाने त्यावर सह्या केल्या होत्या.

प्रश्न बरेच आले. एका गृहस्थांनी विचारले, “या जातीने शिंका येत नाहीत म्हणतात, खरं का?” कॉकर स्पॅनिअल आणि पूडल यांच्या मिश्र संततीपैकी हा कुत्रा होता, आणि त्यांचे केस फार गळत नाहीत म्हणून ते शाळांत फार लोकप्रिय आहेत. बाईंनी स्पष्ट सांगितले की, मुळीच त्रास न देणारा कुत्रा कुठल्याच जातीत नसतो. ज्याला दमा आहे त्याच्या वर्गात तो जाणार नाही. डोक्याला रुमाल बांधलेल्या एका बाईने उभे राहून सांगितले की, कुत्र्याची लाळ कपड्याला लागली तर आमच्याकडे नमाजाआधी ते धुवावे लागते, मुलाची पंचाईत होईल. कुणी हसले नाही, कुणी कपाळाला आठ्या घातल्या नाहीत. त्या मुलाला लांबूनच नमस्कार करायला शिकवू, असे ठरले. जेवणघरात तर कुत्रा जाणारच नव्हता.

मी लेकीला कोपराने ढोसले. “विचार की, चावला तर?”

तिने विचारले. मला वाटले, आता त्या म्हणतील, छे छे, फार गरीब आहे, चावायचा नाही. सगळे कुत्रेवाले हेच म्हणतात. पण बाई म्हणाल्या, “कुठलाही कुत्रा चावू शकतो. म्हणून तर कुत्रा यायच्या आधी आम्ही तीन आठवडे मुलांना शिकवणार आहोत.” त्या क्षणी त्या बाईंवर माझा विश्वास बसला.

या शिकवण्याचे मला फार कौतुक वाटले. सगळ्या वर्गांतून धडे झाले. कुत्र्याला हात लावायच्या आधी मोठ्या माणसाला विचारायचे. एका वेळी एकानेच जायचे. समोरून डोक्यावर हात न्यायचा नाही, बाजूने खांद्यावर न्यायचा. मिठी मारायची नाही. माणसाच्या पोराला मिठी म्हणजे माया, कुत्र्याला मात्र कोंडल्यासारखे होते. झोपला असेल, खात असेल तर जायचे नाही. पळायचे नाही, किंचाळायचे नाही. झाल्यावर साबणाने हात धुवायचे. आणि कुत्रा ‘पुरे’ कसा म्हणतो ते ओळखायचे: मान फिरवतो, ओठ चाटतो, झोप आलेली नसता जांभई देतो, शेपूट पोटाशी घेतो. चिऊने घरी येऊन हे सगळे मला करून दाखवले, शेपटासकट. मी म्हटले, “अगं, हे सगळं माणसांनाही लागू आहे की!” ती म्हणाली, “आजी, माणसांना शेपूट नसतं, म्हणून कळत नाही.”

नावासाठी मुलांनी मते टाकली आणि ‘टॉफी’ निवडून आली. रंगही तसाच, उसाच्या काकवीसारखा. कुत्री होती ती. पण मराठीत ‘कुत्री’ म्हणायला माझी जीभ रेटेना, म्हणून मी टॉफीबाई म्हणू लागले. दाराजवळच्या फळ्यावर मुख्याध्यापिका, बाई, सर, स्वयंपाकघरातल्या बाया, झाडलोट करणारे काका, यांचे फोटो होते; त्यांतच टॉफीबाईंचा फोटो लागला. खाली हुद्दा: वेल-बीइंग डॉग. याला मराठीत काय म्हणावे यावर आमच्या घरी रात्री जेवताना खल झाला. ‘स्वास्थ्य-श्वान’ म्हटले तर सरकारी खात्यातली जागा वाटते. जावई म्हणाले, “आई, मनःस्वास्थ्याधिकारी म्हणा. पगार नाही, पण भत्ता आहे.”

थट्टा बाजूला ठेवते, कारण या विषयाची थट्टा पूर्वीच होऊन गेली आहे. बोरिस लेव्हिन्सन नावाचे बालमानसतज्ज्ञ न्यूयॉर्कमध्ये होते. त्यांच्याकडे कुणाशीच मिळून-मिसळून न वागणारा एक मुलगा एके दिवशी ठरल्या वेळेच्या आधी आला आणि त्यांचा जिंगल्स नावाचा कुत्रा चुकून खोलीतच राहिला. मुलगा डॉक्टरांकडे बघेना, पण कुत्र्याशी खेळू लागला. आणि कुत्र्याच्या मागोमाग, पुढच्या काही भेटींत, डॉक्टरांनाही त्या खेळात जागा मिळाली. लेव्हिन्सन यांनी हे अनुभव तज्ज्ञांच्या सभेत मांडले तेव्हा, फीमधला किती हिस्सा कुत्र्याला देता, असे कुणी तरी विचारल्याचे सांगतात. त्यांनी १९६२ मध्ये त्यावर निबंध छापला आणि पुढे पुस्तकही लिहिले. १९९९ मध्ये अमेरिकेतल्या सॉल्ट लेक सिटीला मुलांनी कुत्र्यांना पुस्तके वाचून दाखवण्याचा उपक्रम सुरू झाला. इंग्लंडात तर १९८३ पासून एक संस्था पाळीव कुत्री इस्पितळांत आणि वृद्धांकडे नेते आहे; तीच आता शाळांतही जातात. लिंकन विद्यापीठाच्या संशोधकांनी २०२२ मध्ये एक अभ्यास प्रसिद्ध केला. आठ-नऊ वर्षांच्या काही मुलांना आठवड्यातून दोनदा, वीस मिनिटे, असा चार आठवडे कुत्र्याचा सहवास दिला. काहींना तेवढाच वेळ शांत विश्रांती घ्यायला शिकवले. काहींची नुसती नेहमीची शाळा. मग मुलांची थुंकी तपासली, कारण मनावर ताण असला की कॉर्टिसॉल नावाचा स्राव तिथे वाढलेला सापडतो. कुत्र्याबरोबर बसलेल्या मुलांत तो ताण कमी आढळला. वीस मिनिटे! मी मुलांना गप्प बसवण्यात रोज त्याहून जास्त वेळ घालवला असेल.

टॉफी आली तीही एकदम नाही. आधी दोन रविवारी रिकाम्या शाळेत तिला फिरवले, वास घेऊ दिले, घंटा ऐकवली. मग ऑफिसात दहा मिनिटे. मग तीन-तीन मुलांचे गट. मग कुठे सगळ्या शाळेपुढे, प्रार्थनेच्या वेळी. ग्रंथालयाच्या कोपऱ्यात तिची पेटी ठेवली, वर लाल-हिरवी पाटी. लाल असली की तिथे मुख्याध्यापिकासुद्धा जायच्या नाहीत. आम्हा शिक्षकांना अशी पेटी कुणी दिली असती तर!

आता माझे. मला कुत्र्याची भीती वाटते आणि ती उगाच नाही. १९६६ साली, मी नऊ वर्षांची असताना, साताऱ्यात आमच्या आळीत मला कुत्रा चावला. भुंकणारे कुत्रे चावत नाही म्हणतात; हा भुंकलाच नव्हता. त्या वेळी पोटात चौदा इंजेक्शने घ्यावी लागत. रोज एक, जाड सुई, बेंबीच्या भोवताली; वडील मला खांद्यावर घेऊन दवाखान्यात नेत आणि परतताना लिमलेटची गोळी देत. हल्लीची लस दंडात टोचतात, चार-पाच वेळा येऊन काम भागते, आणि ती जुनी लस आपल्याकडे कधीच बंद झाली आहे. पण माझे पोट ते विसरलेले नाही. लेकीने शाळेच्या कागदावर, घरात कुत्र्याला घाबरणारे कोणी आहे का, याच्यापुढे विनोदाने ‘आजी’ असे लिहिले. आणि शाळेने ते विनोदाने घेतले नाही. मुख्याध्यापिकांचा निरोप आला: घाबरणाऱ्या मुलांसाठी गुरुवारी दुपारी एक वर्ग भरतो, आजींनीही यावे.

अशा रीतीने अडुसष्टाव्या वर्षी मी पुन्हा शाळेत नाव घातले. आमच्या भित्र्यांच्या वर्गात सहा मुले आणि मी. पहिल्या गुरुवारी आम्ही काचेच्या दाराअलीकडे बसून पलीकडच्या टॉफीला फक्त पाहिले. दुसऱ्या गुरुवारी ती त्याच दिवाणखान्याएवढ्या खोलीत, पण दुसऱ्या टोकाला, दोरी बाईंच्या हातात. जमिनीवर खडूने रेघा मारल्या होत्या. ज्याला ज्या रेघेपर्यंत जावेसे वाटेल त्याने तिथवर जायचे, नको वाटले तर मागे यायचे, आणि मागे आल्याबद्दल कुणी काही बोलणार नाही. मी पहिल्या रेघेवर. माझ्या शेजारी पाच वर्षांचा एक मुलगा होता, तो दुसऱ्या रेघेवर गेला आणि वळून मला म्हणाला, “कम ऑन, ग्रॅनी.” चौथ्या गुरुवारी मी टॉफीच्या खांद्यावर दोन बोटे टेकवली. बाईंनी तिचे तोंड दुसरीकडे वळवून धरले होते. ऊन होते ते अंग; मला उगाचच वाटत होते की गार असेल. घरी आल्यावर चिऊने मला तिच्या वहीतला एक चांदणीचा कागद चिकटवून दिला.

चिऊला टॉफीची भीती अशी नव्हतीच. तिला टॉफीबरोबर वाचायला बसवू लागले, आठवड्यातून दोनदा, पंधरा मिनिटे. जवळ टॉफीच्या बाई, पण त्या आपल्या विणकामात. वाच म्हणायचे नाही, शाबास म्हणायचे नाही. पहिले तीन आठवडे चिऊने नुसती पाने उलटली. हाताची खूण केली की टॉफी बसे, खूण केली की झोपे. कुत्र्यांना शब्दापेक्षा खूण लवकर कळते, त्यामुळे मुक्या चिऊचे काही अडत नव्हते. मग एके दिवशी टॉफी पाठ फिरवून खिडकीबाहेरच्या खारीकडे बघत बसली. पाठीमागे केलेली खूण कुणाला दिसणार? चिऊने दोनदा हात हलवला. जमिनीवर थाप मारली. आणि मग, बाईंनी लेकीला सांगितले त्याप्रमाणे, अगदी हळू पण स्पष्ट आवाज आला, “इकडे ये गं.”

टॉफी आली. तिला मराठी कुठून येणार? पण बोलावणे कुत्र्याला सुरावरून कळते. बाईंनी विणकामातून डोके वर काढले नाही. ही गोष्ट मी मुद्दाम सांगते, कारण मी असते तर टाळ्या वाजवल्या असत्या, पाचवीच्या वर्गातून मुख्याध्यापकांना बोलावून आणले असते, आणि ती पोर पुन्हा दोन वर्षे बोलली नसती. त्या बाईंनी फक्त दुसऱ्या दिवशी लेकीला त्या शब्दांचा अर्थ विचारला. महिन्याभरात त्या शाळेतली इंग्रज, पोलिश, पंजाबी, सोमाली पोरे “इक्डे ये ग” म्हणत टॉफीला बोलावू लागली.

त्या रात्री मला झोप आली नाही, आणि ती आनंदाने नव्हे.

१९८२ साल. मुंबईत गिरणीकामगारांचा संप जानेवारीत सुरू झाला होता आणि मी गिरणगावातल्या एका शाळेत तिसरीला शिकवत होते. माझ्या वर्गात एक मुलगा होता, वडील संपावर, आई पापड लाटणारी. वाचायला उभा केला की अडखळे. एकेक अक्षरावर घोटाळे, मान लाल होई. मुले हसत आणि मी त्यांना गप्प करून म्हणे, “पुन्हा. पहिल्यापासून.” त्याच्या मागोमाग एक तांबूस गावठी कुत्रा शाळेपर्यंत येई आणि फाटकाशी बसून राही. मधल्या सुट्टीत मुलगा आपल्या चपातीतली अर्धी त्याला घाली. एकदा मी वरच्या खिडकीतून पाहिले, तो पायरीवर पुस्तक उघडून बसला होता आणि कुत्र्याला धडा वाचून दाखवत होता. घडाघडा. एकही अक्षर न अडता. आणि तुम्हाला काय सांगू, मला राग आला. वर्गात नाटक करतो काय, असे माझ्या मनात आले.

त्याच आठवड्यात कुत्रा उठवण्याचा अर्ज शाळेतून गेला. दुसऱ्या एका मुलीच्या पालकांची तक्रार होती, हे खरे. पण अर्ज मी लिहिला, माझ्या अक्षरात. त्या काळी अर्ज केला की गाडी येई, आणि गाडीत गेलेला कुत्रा परत येत नसे, हे सगळ्यांना ठाऊक होते, मलाही. गाडी आली तेव्हा मी वर्गाची दारे लावून घेतली. मुलाने काही विचारले नाही. पुढे त्याला वाचायला उभा केला की तो नुसता उभा राही. दिवाळीच्या सुट्टीनंतर तो आलाच नाही; संपात कितीतरी घरे गावी निघून गेली, तसे त्याचेही गेले असेल. पटावर मी त्याच्या नावापुढे लाल शाईने ‘गैरहजर’ लिहीत राहिले आणि मग नाव कमी केले.

हे मी लेकीला सांगितले नाही. इथे लिहिते आहे तेव्हा तिला कळेल.

दिवाळी आली. तिथे त्या दिवसांत शाळेला आठवड्याची सुट्टी लागते, म्हणून सुट्टीआधीच शाळेत दिवाळी करायचे ठरले आणि फराळाचे काम माझ्याकडे आले. चिवडा करायला घेतला तर लेक म्हणाली, शेंगदाणे चालणार नाहीत. काही मुलांना त्याने जिवावर बेतते, शाळेत बंदी आहे. बरे, शेंगदाणे काढले. तर चिऊ म्हणाली, बेदाणे चालणार नाहीत; टॉफीच्या तोंडात एखादा पडला तर? द्राक्षे आणि बेदाणे कुत्र्याला विषासारखे, मूत्रपिंड निकामी करतात, तसेच चॉकलेट, तसाच कांदा. मुलांना चालत नाहीत ते शेंगदाणे, कुत्र्याला चालत नाहीत ते बेदाणे. राहिले काय ते पोहे! शेवटी शंकरपाळे आणि चकल्या नेल्या, आणि टॉफीबाईंना उकडलेले गाजर. मुलांनी मला दिवाळीबद्दल विचारले तेव्हा वसुबारसेला आपण गाय-वासराची पूजा करतो ते सांगितले. एकीने विचारले, “आणि कुत्र्याची?” मी म्हटले, नेपाळात याच दिवसांत कुत्र्याला टिळा लावून हार घालतात, आमच्याकडे दत्ताच्या तसबिरीत चार कुत्रे असतात आणि त्यांना चार वेद मानतात. बोलता बोलता मला आठवले की, तशी तसबीर आमच्या त्या शाळेच्या ऑफिसात, माझ्या टेबलावरच टांगलेली होती.

फटाके मात्र शाळेत नव्हते. तिकडे ५ नोव्हेंबरलाही गावभर दारूकाम होते, आणि बहुतेक कुत्री त्या रात्री पलंगाखाली थरथरत बसतात. दुसऱ्या दिवशी टॉफी शाळेत आली नाही. फळ्यावर लिहिले होते: ‘टॉफी आज दमली आहे.’ मुलांनी तिला पत्रे लिहिली.

आता तुम्ही विचाराल, आपल्याकडे हे जमेल का? मला कुणी विचारले तर मी घाई करू नका म्हणेन. इंग्लंडातल्या कुत्र्यांत १९२२ नंतर देशातल्या देशात पिसाळीचा रोग आढळलेला नाही. आपल्याकडे तो अजून माणसे मारतो. लस टोचलेला, शिकवलेला, एका माणसाचा असा कुत्रा आणि त्याला वेळ देणारी बाई, एवढे असेल तरच. नाही तर साठ मुलांच्या वर्गात कुत्रा सोडणे हा कुत्र्यावर अन्याय. तिथेही सगळे गोड नाही. शाळेतल्या कुत्र्याला कायद्याने ठरवलेली परीक्षा नाही; शाळा जबाबदार असली तर ठीक, हौशी असली तर कठीण. आणि चिऊ मी निघेपर्यंत वर्गात बोलू लागली नव्हती. टॉफीशी बोले, आणि टॉफीजवळ बसलेल्या एका पोलिश मुलीशी बोले. हजेरीला अजून हातच वर करी. बाई म्हणाल्या, “पुष्कळ झालं.”

निघायच्या आधीच्या गुरुवारी मला ग्रंथालयात बोलावले. विणकाम करायला मी बसायचे होते. बाईंना काम होते, त्या दाराशी उभ्या राहून कागद तपासत होत्या. टॉफी मध्ये, तिच्या एका बाजूला चिऊ, दुसऱ्या बाजूला, हातभर अंतर ठेवून, मी. चिऊने दप्तरातून मी नेलेले मराठी पुस्तक काढले. टॉफीने आपली हनुवटी माझ्या पावलावर टेकली. मी पाऊल काढले नाही, पण सुईवरचे दोन टाके सुटले.

चिऊ वाचू लागली. बोट ठेवून, एकेक अक्षर. ‘कमळ’चे तिने ‘कमल’ केले. पुढच्या ओळीत ‘तळे’चे ‘तले’. माझे तोंड उघडले होते. ते मी मिटले आणि सुटलेले टाके उचलू लागले. ती पान संपेपर्यंत वाचत राहिली, मग दुसरे पान. मग घंटा झाली, बाईंनी पाटी लाल केली, आणि आम्ही दोघी हात धुवायला गेलो.